पथकांचं परीक्षण: गुण देताना गर्दीकडेही पाहा

गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, शाळांची संमेलनं अशा निमित्तांनी ढोल-ताशा, लेझीम आणि बँडच्या स्पर्धा आता गावोगाव भरतात. परीक्षक म्हणून बोलावणं येतं ते संगीतशिक्षकाला, तबल्यातल्या विशारदाला, निवृत्त बँडमास्तरला, नाहीतर एखाद्या जुन्या वादकाला. हातात गुणपत्रिका पडते. ताल, लय, एकसंधपणा, वेशभूषा, शिस्त असे रकाने असतात. ते भरले जातात, बेरीज होते, निकाल जाहीर होतो, आणि मैदानातून उठून जाणारे लोक म्हणतात, आम्हाला तर ते दुसरंच पथक आवडलं होतं.

दर वेळी लोकच चुकतात, असं मला वाटत नाही. ढोल हे काही चार भिंतींत, जाणकारांच्या पुढ्यात वाजवायचं वाद्य नव्हे. देवळाच्या आवारात, जत्रेत, मिरवणुकीत, म्हणजे उभ्या माणसांसमोर ते वाढलं. समोरच्याला काय मिळालं, हे मोजल्याशिवाय पथकाचं परीक्षण पुरं होत नाही. प्रेक्षकांवर झालेल्या परिणामाला गुणपत्रिकेत वेगळा रकाना हवा, त्याला भरघोस वजन हवं, आणि तो भरण्याचं कसब परीक्षकाने शिकून घ्यायला हवं. ते शिकता येतं. कसं, ते सांगण्यासाठी हा लेख.

शिकायचं कुठे, असं कुणी विचारलं तर मी म्हैसूरच्या दसऱ्याचं नाव घेतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ढोल भरपूर ऐकायला मिळतात. पण एकाच मार्गावर, एकाच दुपारी, इतक्या वेगवेगळ्या जातीची तालवाद्यं आणि इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेने बसलेले प्रेक्षक पाहायला मिळतात ते म्हैसूरला. राजा वडियार यांनी 1610 मध्ये श्रीरंगपट्टणला सुरू केलेला हा उत्सव आज कर्नाटकाचा राज्योत्सव आहे. विजयादशमीला राजवाड्याच्या दारी नंदिध्वजाची पूजा होते आणि जंबू सवारी निघते. सोन्याच्या अंबारीतली चामुंडेश्वरी हत्तीवरून येते ती सगळ्यात शेवटी. तिच्या आधी जिल्ह्याजिल्ह्यांचे चित्ररथ आणि लोककलांची पथकं जातात: डोळ्ळु कुणित, वीरगासे, कंसाळे, तमटे, नगारी. राजवाड्यातून निघून चामराज चौक, कृष्णराज चौक, मग देवराज मार्केटवरून जाणारा सयाजीराव रस्ता, आणि पुढे बन्नीमंटप. सुमारे पाच किलोमीटरची ही वाट. मधल्या रस्त्याला नाव आहे ते आपल्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं.

परीक्षकाने एकच पथक दोन ठिकाणी पाहावं. आधी राजवाड्यासमोर, जिथे व्यासपीठ आहे, पाहुणे आहेत, खुर्च्या आहेत आणि पथकाला दर्शनी बाजू कोणती हे पक्कं ठाऊक आहे. मग तेच पथक सयाजीराव रस्त्यावर पाहावं. इथे लोक सकाळपासून जागा धरून बसलेले असतात. फुटपाथवर, गच्च्यांवर, मिळेल त्या कठड्यावर. पथकाला इथे दर्शनी बाजू उरत नाही. डावीकडे माणसं, उजवीकडे माणसं, डोक्यावर माणसं. व्यासपीठासमोर रेखीव दिसलेली काही पथकं इथे नुसती चालत निघून जातात, कारण त्यांची सारी रचना मान्यवरांसाठी बसवलेली असते. काही पथकं मात्र इथे खुलतात. त्यांचे कडेचे वादक कडेच्या लोकांकडे वळतात, मागची रांग मागे राहिलेल्यांसाठी एखादं आवर्तन फिरून वाजवते. आपल्या स्पर्धांत सगळे परीक्षक एकाच टेबलामागे, तेही बरोबर मध्यभागी बसतात. ही बसण्याची पद्धत आधी बदला. वादनाचे गुण देणारा पथकाच्या जवळ असू द्या. परिणामाचे गुण देणारे दोघे मात्र गर्दीत हवेत. एक बाजूला, एक शेवटच्या रांगेच्याही मागे, जमलं तर थोड्या उंचीवर.

आता डोळ्ळु कुणित जरा जवळून पाहू, कारण परीक्षकाची खरी कसोटी तिथे लागते. हा कुरुबा समाजाचा, बीरेश्वराच्या उपासनेतला प्रकार. आपल्याकडच्या धनगरांचा बिरोबा, त्याच्यापुढे घुमणारा ढोल आणि गजनृत्य ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तो परका वाटणार नाही. लाकडी ढोल गळ्यात आडवा, एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला उघडा पंजा. वादक अर्धगोल धरतात, वाजवता वाजवता गिरक्या घेतात, गुडघ्यांवर बसतात, पाठीवर रेलतात. मग एक क्षण येतो, ढोल जमिनीवर ठेवले जातात, काही जण त्यांच्यावर चढतात, खांद्यांवर खांदे, मनोरा उभा राहतो, आणि गर्दी ओरडते. ती ओरडणारच. इथे परीक्षकाने वर पाहू नये, खाली पाहावं. मनोरा चढत असताना खाली किती ढोल वाजत आहेत? लय तीच आहे की घाईला आली आहे? सगळ्यात वरचा गडी स्वतः ढोल घेऊन चढला आणि तिथून त्याने खालच्यांच्या मात्रेवर अचूक थाप दिली, तर त्या पथकाने लोकांना दिलेला आनंद वादनातून आलेला आहे. त्याला पुरे गुण द्या. ढोल बंद पडले, सगळे मनोरा धरायला धावले आणि टाळ्या झाल्यावर पुन्हा वादन सुरू झालं, तर ती कसरत आहे. कसरत म्हणून ती छान असेल, पण ढोलाच्या स्पर्धेत तिचे गुण मर्यादितच.

कंसाळेतही हेच तपासता येतं. मलेमहादेश्वराचे भक्त हा प्रकार करतात. एका हातात वाटीसारखी पितळी झांज, दुसरी चकती दोरीला बांधलेली. चकती डोक्यावरून, पाठीमागून, पायाखालून फिरते आणि नेमक्या मात्रेला वाटीवर येऊन आदळते. डोळ्यांना जे दिसतं तेच कानाला ऐकू येतं. ‘तंत्र की मनोरंजन’ हा वाद घालणाऱ्यांनी बीसु कंसाळे एकदा पाहावं. त्यात ही दोन वेगळी काढताच येत नाहीत. ढोल-ताशात याच्या जवळचं काही शोधायचं तर ताशाची तर्री आणि ध्वजाची फिरकी एकाच ठोक्यावर संपणं. असं घडलं की तिथे खूण करा.

गर्दीकडे पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं? टाळ्या मोजायच्या नाहीत, हे पहिलं. टाळ्यांचा आवाज मोजणारी यंत्रं काही संयोजक हौसेने आणतात. ती परत पाठवा. गावातलं पथक दोनशे मित्र घेऊन येतं, बाहेरगावचं पथक टेम्पोत मावतील तेवढीच माणसं आणतं. यंत्राला हा फरक कळत नाही. दुसरं, घोषणेला मिळालेला प्रतिसाद पथकाच्या खात्यावर लिहू नका. ‘जय भवानी’ म्हटल्यावर ‘जय शिवाजी’ येणारच; तो प्रतिसाद शिवरायांना असतो. चालू सिनेमाच्या गाण्याचा ठेका वाजवला की शिट्ट्या येतात, त्या गाण्याला असतात. गाणं घेतलं म्हणून गुण कापायचेही नाहीत. त्या ठेक्याचं पथकाने पुढे काय केलं, तो दुप्पट केला, मोडला, दुसऱ्या तालात नेला की नुसताच चार वेळा वाजवला, यावर गुण ठरवा.

पाहायचं ते टाळ्या न वाजवणाऱ्यांकडे. कडेला उभा असलेला भेळवाला, आईच्या कडेवरचं पोर, पाठ करून गप्पा मारणारे दोघे, बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस. हे कुणाच्याच बाजूचे नसतात. भेळवाल्याचा हात थांबला, गप्पा मारणारे वळले, तर पथकाने काहीतरी मिळवलं आहे. सर्वांत विश्वासाची खूण मात्र मला हळू वादनात सापडते. ढोल थांबतात, एकच ताशा बारीक वाजत राहतो, टोल अधूनमधून पडतो. अशा वेळी मैदान गप्प होतं की कुजबुज सुरू होते? दणदणाटात लोक गप्प असतात ते नाइलाजाने. बारीक आवाजात गप्प असतील तर ते ऐकत आहेत. म्हैसूरला दसऱ्यात राजवाड्याच्या आवारात पोलीस बँडचं वादन होतं. पाश्चात्त्य वाद्यांवर कर्नाटक संगीतातल्या रचना. संस्थानच्या काळापासूनचा हा वारसा. तिथे कुणी नाचत नाही, शिट्ट्या नाहीत, आणि तरी लोक रंगलेले असतात. रंजन म्हणजे उडी मारायला लावणं, एवढाच अर्थ परीक्षकाने मनात धरला तर शांत, भारदस्त वाजवणाऱ्या पथकावर अन्याय होतो.

अर्थात सगळा वेळ गर्दीकडेच पाहत बसलात तर वादन निसटेल. सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा आणि शेवटी एकदा, एवढं पुरे. सुरुवातीला पथक मैदानात येताना लोकांचं लक्ष किती लवकर ओढून घेतं. मध्ये, तालबदलांच्या जागी, ते लक्ष टिकतं का. आणि शेवट लोकांना कळतो का. हा तिसरा मुद्दा बहुतेक पथकांचा कच्चा असतो. वादन संपलं की नाही, हे न कळल्यामुळे अर्धवट टाळ्या पडतात, मग प्रमुख हात वर करतो, मग पुन्हा टाळ्या. पथकाने शेवट बसवलेला नसतो.

परिणामाला वेगळे गुण देण्याचं उदाहरण बाहेरही आहे. अमेरिकेत पितळी वाद्यं आणि ढोलांच्या संचलन-पथकांच्या स्पर्धांची मोठी परंपरा आहे. ड्रम कोअर इंटरनॅशनल ही तिथली प्रमुख संस्था 1971 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. सुरुवातीच्या काळात तिथले परीक्षक चुका टिपायचे. पाऊल चुकलं, काठी उशिरा पडली, की एक खूण आणि प्रत्येक खुणेला गुण वजा. परिणाम व्हायचा तोच झाला: अवघड काही करायला गेलं की चुका होणार, म्हणून बेतानेच वाजवणं शहाणपणाचं ठरू लागलं. 1984 च्या सुमारास ती पद्धत गेली आणि शून्यापासून वर गुण चढवण्याची पद्धत आली. आज तिथे शंभरपैकी चाळीस गुण एकूण परिणामाला असतात, उरलेले साठ संगीत आणि दृश्य-हालचाल यांत विभागलेले. तरीही तिथले रसिक कुरकुरतात की काही पथकं परीक्षकांना भावतील असे अवघड, गूढ कार्यक्रम बसवतात आणि सामान्य प्रेक्षकाला त्यातलं काही हाती लागत नाही. परिणामाचा रकाना असला तरी तो कुणाच्या डोळ्यांनी भरला जातो, यावर सगळं अवलंबून असतं.

आपल्याकडचे संयोजक बहुधा वजाबाकीच्याच पद्धतीने चालतात. टोपी पडली, दोन गुण वजा. टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, हातातून सुटलं, एक वजा. पडलेलं टिपरू न पाहता, नुसत्या पंजाने ठोका चालू ठेवून पुढच्या आवर्तनात दुसरं टिपरू हातात घेणारी मुलगी माझ्या मते गुण मिळवायला पात्र आहे. त्या क्षणी आजूबाजूचे लोक तिच्याकडेच पाहत असतात, आणि तिची लय सुटत नाही हे पाहून तेही सुखावतात.

गुणांची वाटणी मी अशी सुचवीन: शंभरपैकी चाळीस परिणामाला, पस्तीस वादनाला, पंचवीस रचना, हालचाल आणि शिस्त यांना. वेशभूषेला वेगळे गुण नकोतच. ज्या शाळेकडे पैसे आहेत तिला ते गुण आयते मिळतात. बरोबरी झाली तर परिणामात पुढे असलेलं पथक वर.

आता बेरजेतली एक खोच. ती फारशा परीक्षकांना माहीत नसते आणि तिच्यामुळे निकाल फिरतात. समजा वीस गुणांच्या रकान्यात एक परीक्षक सगळ्या पथकांना पंधरा ते सतरा देतो, दुसरा आठ ते एकोणीस देतो. बेरीज केली की पहिल्याचं मत जवळजवळ पुसलं जातं. निकाल दुसराच लावतो. कागदावर दोघांना समान अधिकार असतो, प्रत्यक्षात नसतो. म्हणून स्पर्धेच्या आधी अर्धा तास बसा. एखाद्या जुन्या स्पर्धेची चित्रफीत मोबाइलवर लावा, सगळ्यांनी आपापले गुण लिहा आणि मग एकमेकांना दाखवा. सामान्य पथकाला किती, चांगल्याला किती, असामान्याला किती, हे त्यात ठरून जातं. तेही जमलं नाही तर प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून पथकांचे क्रमांक लावा आणि क्रमांकांची बेरीज करा. एकदा स्पर्धा सुरू झाली की मात्र परीक्षकांनी आपापसांत बोलू नये, एकमेकांच्या कागदात डोकावू नये.

पहिल्या पथकाची काळजी घ्या. पुढे याहून चांगलं येईल या धाकाने त्याला हात आखडून गुण दिले जातात, आणि रात्री गर्दी तापल्यावर येणाऱ्याला सढळ हाताने. शेवटच्या पथकाला मिळालेल्या उत्साहात आधीच्या सगळ्या पथकांची मेहनत असते. पहिल्या पथकासमोर खुर्च्या अर्ध्या रिकाम्या असतील तर तशी नोंद करा आणि जे लोक हजर होते त्यांच्यावर काय परिणाम झाला तेवढंच मोजा.

हवामानाचंही तसंच. ऑक्टोबरात म्हैसूरला पाऊस येतोच, आपल्याकडे गणपतीत येतो. कातडी पान ओलाव्याने सैल पडतं, आवाज बसतो. हलगी किंवा तमटे वाजवणारे ती विस्तवावर शेकून घेतात, त्याला वेळ लागतो. प्रत्येक पथकाला वाद्य चढवायला ठरावीक मिनिटं द्या आणि ती वेळेत धरू नका. फायबरच्या पानाला ही अडचण नसते, म्हणून कातड्याच्या ढोलावर वाजवणारं पथक पावसात दबलेलं वाटलं तर त्याच्या हाताकडे पाहा.

मोठा आवाज म्हणजे मोठा परिणाम, हा समज परीक्षकानेच मोडायला हवा. पुण्यात 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसच वादक अशी मर्यादा घातली आणि त्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. कायद्याची बाजू कायदा पाहील. परीक्षकाचा प्रश्न वेगळा आहे: शंभर ढोलांच्या पथकाला संख्येचे गुण मिळत राहिले तर उद्या कोणतीही शाळा वीस ढोल घेऊन स्पर्धेत उतरणार नाही. वीस ढोलांनी मैदान धरून ठेवलं तर ते जास्त कठीण काम आहे. आणि मिरवणुकीतली स्पर्धा असेल तर मागच्यांना ताटकळत ठेवून एका चौकात अर्धा तास स्थिरवादन करणाऱ्या पथकाला परिणामाच्या रकान्यात खाली आणा. चौकातले शंभर लोक खूश झाले असतील. पुढच्या दोन किलोमीटरवर उभे असलेले हजारो लोकही प्रेक्षकच आहेत. गोव्याच्या शिगमोत्सवात रोमटामेळांच्या स्पर्धा होतात त्या चालत्या मिरवणुकीतच. ढोल, ताशे, कासाळी घेऊन चालणाऱ्या मेळाला थोड्या वेळात, चालता चालता लोकांना धरावं लागतं. चालत्या स्पर्धेचे परीक्षक होणार असाल तर म्हैसूरच्या जोडीने पणजीचा किंवा फोंड्याचा शिगमोही पाहून या.

प्रेक्षकपसंतीचं बक्षीस ठेवायचं तर जरूर ठेवा, पण वेगळं. चिठ्ठ्यांचं मत आणि परीक्षकाचं मत एकाच बेरजेत घालू नका. चिठ्ठी आपल्या गल्लीच्या पथकाला पडते, त्यात काही वाईट नाही. तुम्ही मात्र त्या सगळ्या गल्ल्यांच्या वतीने पाहायला बसला आहात.

शेवटी अभिप्राय. अमेरिकी स्पर्धांत परीक्षक पाहता पाहता ध्वनिमुद्रकात बोलत जातो आणि ते मुद्रण पथकाला मिळतं. आपल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. तो तोंडाजवळ धरून बोललात तर ढोलांच्या आवाजातही शब्द ऐकू येतात. ‘लय सुधारावी’, ‘सादरीकरण चांगले’ अशा शेऱ्यांनी कुणालाच काही कळत नाही. असं बोला: तिसऱ्या तालातून चौथ्यात जाताना ढोल दोन मात्रा थांबले, ताशा एकटा पडला, आणि इथे माझ्या शेजारचे लोक बोलायला लागले, ध्वज डावीकडे आला तेव्हा ते पुन्हा गप्प झाले. कुठल्या क्षणी आपण लोकांना गमावलं आणि कुठल्या क्षणी परत मिळवलं, हे पथकाला दुसरं कुणीच सांगत नाही. आईवडील कौतुक करतात, मित्र शिट्ट्या वाजवतात, प्रशिक्षक ठोके सुधारतो.

आणि कानात बोळे घालायला विसरू नका. चार तास ढोलांजवळ बसणाऱ्याचे कान दमतात, दमलेल्या कानांना उशिराची पथकं सारखीच वाटू लागतात.

नवरात्रातल्या आणि दसऱ्याच्या स्पर्धांची बोलावणी लवकरच सुरू होतील. होकार देण्याआधी संयोजकांकडे गुणपत्रिका मागून घ्या. तिच्यात परिणामाचा रकाना नसेल तर तो घालायला सांगा, आणि स्वतःची खुर्ची व्यासपीठावरून उचलून गर्दीत ठेवायला सांगा.